साऱ्या रस्त्याचा एक कागद

आमच्या रस्त्याच्या खालच्या टोकाला प्रायमरी शाळा आहे. माझ्या गुडघ्यांनी गेलं तरी आठ मिनिटं. माझी लेक त्याच शाळेत शिकली. तेव्हा मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते, तिला गेटात सोडायचं आणि तशीच पुढं कामाला पळायचं. लीड्सपासून बसनं अर्ध्या तासावरचं हे गाव. लग्न होऊन इथं आले तेव्हा बावीस वर्षांची होते, आता त्र्याहत्तरावं चालू आहे. मालक मिलमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मग लेकही गेली. कॅन्सर होता. तिची पोरगी तेव्हा दीड वर्षाची.

तेव्हापासून नात माझ्याकडंच. जावई माझ्या घरात राहतात. ते लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहेत, शिफ्ट सकाळी सातला लागते, म्हणजे सहाच्या आत घर सोडावं लागतं. पोरीचं उठणं, दात घासणं, वेण्या, नाश्त्याचं पॉरिज, सगळं माझ्याकडं. मला त्याचं कधी ओझं झालं नाही. लेक गेल्यावर मी उभी राहिले ती त्या पोरीमुळं. बसून रडायचं म्हटलं तरी ती बसू देत नव्हती.

आमचं ठरलेलं होतं. चार वर्षांची झाली की ती खालच्या शाळेत जाणार, सकाळी मी सोडणार, दुपारी मी आणणार. यात काही ठरवण्यासारखं आहे असंच मला वाटत नव्हतं. शाळा दारात, पोरगी घरात.

ती तीन वर्षांची झाली आणि थंडी सुरू होता होता कौन्सिलचं पत्र आलं. जावयांनी वाचून सांगितलं. कुठल्या रस्त्यावरची पोरं कुठल्या शाळेची, याची हद्द असते, तिला कॅचमेंट म्हणतात. हद्दीतल्या पोरांना आधी जागा, उरली तर बाहेरच्यांना. मालक कामाला होते ती मिल पाडून तिथं नवी घरं झालेली. त्या घरांतली पोरं खालच्या शाळेच्या हद्दीत घ्यायची होती. मग कुणीतरी बाहेर जाणार. नकाशावर नवी रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध होती. समोरची ऑड नंबरची घरं आत, आमची इव्हन नंबरची बाहेर. बाहेरच्यांना टेकडीवरची शाळा. तिथं जायला दोन बस.

हे लगेच नव्हतं, पुढच्याच्या पुढच्या सप्टेंबरपासून होतं. म्हणजे बरोबर आमची पोरगी शाळेत जायची तेव्हा. लोकांचं म्हणणं काय आहे ते जानेवारीपर्यंत कळवा, असं पत्रात होतं.

जावई म्हणाले, "आई, ऑनलाइन फॉर्म आहे. प्रत्येकानं आपापला भरायचा. मी आपला भरतो, तुम्ही शेजारच्यांना सांगा."

मी म्हटलं, फॉर्म काय करायचेत. सगळ्या रस्त्याचा मिळून एक अर्ज करू.

मी हे का म्हटलं ते सांगते. मी तिसरीपर्यंत शिकले. पुढं धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. पण आमच्या वस्तीत पाण्याचा नळ नव्हता, तेव्हा वडलांनी अर्ज केला होता, तो मला चांगला आठवतो. एक मोठा कागद. वर चार ओळी, आणि खाली सगळ्या वस्तीचे अंगठे. मी शाईचं पॅड धरून घरोघरी त्यांच्या मागं फिरत होते. ज्याला सही येत होती त्यानं सही केली, माझीही घेतली, मला नाव लिहिता येत होतं म्हणून. तहसीलच्या साहेबानं तो कागद असा उलगडला आणि बघतच राहिला. नळ आला. इथं लाँड्रीतही तेच. इस्त्रीच्या मशीनपाशी वाफेनं बाया भोवळ येऊन पडायच्या. आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या, सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला, आणि पंधरा दिवसांत पंखे लागले. एकेकीनं जाऊन सांगितलं तर आमच्याकडं कोण बघणार होतं? वेगवेगळे फॉर्म म्हणजे एकेकटी माणसं. कागद एक असला की साहेबाला कळतं, हे सगळे एक आहेत. आमच्या विहारात आजही काही मागायचं असलं तर असंच करतात.

जावयांनी त्या कागदावर इंग्लिशमध्ये चार ओळी टाइप करून दिल्या. परत एकदा म्हणाले, फॉर्मही भरायला सांगा. मी हो म्हटलं.

सकाळी लोक पोरांना शाळेला सोडायला निघायच्या वेळी नातीला बगीत, म्हणजे पोरांच्या ढकलगाडीत, घालून मी निघायची. थंडी मरणाची. बगीच्या मुठीला कागदाची पिशवी अडकवलेली, पेन स्वेटरच्या आत, नाहीतर शाई गोठल्यासारखी व्हायची. आधी शेजारची. ती पंजाबी, तिला तीन पोरं, धाकटा आमच्या पोरीच्याच वयाचा. आम्ही हिंदीत बोलतो, ती मला आंटी म्हणते. तिनं दारातच सही केली, नवऱ्याची घेतली, सासूचा अंगठा घेतला. मग पुढची घरं. समोरच्या ऑड नंबरवाल्यांनीपण सह्या दिल्या, त्यांचं काही जात नव्हतं तरी. समोर एक गोरा म्हातारा आहे, मालकांबरोबर मिलमध्ये होता. तो म्हणाला, माझ्या उंबऱ्यापासून तुझ्या उंबऱ्यापर्यंत बारा पावलं आहेत, आणि ह्यांना त्यात हद्द दिसते. मग माझ्या गुडघ्यांकडं बघून म्हणाला, तुझी मात्र वीस.

बऱ्याच दारांत लोक विचारायचे. हातात कौन्सिलचं तेच पत्र असायचं, बोट ठेवून दाखवायचे, हा फॉर्म पण भरायचा ना? शेजारणीनंही विचारलं. कुणाला रात्रपाळी, कुणाच्या घरी कॉम्प्युटर नाही, कुणाला इंग्लिश लिहायचा कंटाळा. मी कागद वर धरून सांगायची, "नो फॉर्म. धिस इनफ."

किती दारांत सांगितलं त्याचा हिशोब नाही. ऐकून लोकांना बरं वाटायचं. काम झालं म्हणून ते पत्र रिसायकलिंगमध्ये टाकायचे. एकानं तर माझ्यासमोरच टाकलं.

शंभराच्या वर सह्या झाल्या. चार पानं झाली, ती मी एकाखाली एक चिकटवली, लांबच लांब एक कागद केला. शेवटी माझं नाव मराठीत.

जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. पोरांच्या बुटक्या खुर्च्या टाकलेल्या, माझ्यासारखीला त्यात बसलं की उठायला दुसरा लागतो. कौन्सिलची बाई होती, स्वभावानं चांगली वाटली. तिनं भिंतीवर नकाशा दाखवला. एका बाजूला आम्ही जुन्या रस्त्यांवरचे, दुसऱ्या बाजूला नव्या घरांतले. मधे जागा कुणी ठेवली नव्हती, पण लोक आपोआप तसे बसले.

आमच्याकडचे म्हणाले, आम्ही इथं पिढ्यान्‌पिढ्या आहोत. समोरचा म्हातारा म्हणाला, त्याचा बाप या शाळेत होता. नव्या घरांतला एक माणूस म्हणाला, बापाच्या नावानं शाळेत जागा मिळत असेल तर आमच्या पोरांनी कुठं जन्म घ्यायचा होता? थोडे लोक हसले. मग त्यांच्यातली एक पोरसवदा बाई उठली, अंगाशी तान्हं बाळ बांधलेलं. ती म्हणाली, घरं बांधताना सांगितलं शाळा होईल, झाली नाही. तिच्या मुलाला तिसऱ्याच गावातल्या शाळेत जागा मिळाली, रोज गाडीनं न्यायला लागतं, म्हणून तिनं नोकरी सोडली. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. मला वाटलं, ही खोटं बोलत नाही. हिचं पोर पण दोन बसच्या पलीकडंच आहे. तिच्यावर राग धरायला गेले तर धरता येईना.

माझा नंबर आला तेव्हा शेजारणीनं मला हाताला धरून उठवलं. मी माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं की पोरीची आई नाही. बाप पहाटे जातो. माझ्या पायांना ही शाळा झेपते, ती टेकडीवरची झेपणार नाही. ही शाळा गेली तर पोरीला माझ्याजवळ ठेवता येणार नाही. एवढंच. मग कागद उलगडला. एक टोक माझ्या हातात, दुसरं शेजारणीच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौन्सिलच्या बाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, घडी नीट घातली आणि थँक यू म्हणाली. मला तहसीलचा साहेब आठवला. मी मनात म्हटलं, झालं काम.

मार्चमध्ये रिपोर्ट आला. रविवार होता, जावयांना सुट्टी. नात जमिनीवर ठोकळे लावत होती. जावयांनी लॅपटॉपवर बघितलं, आधी मनात वाचलं, मग मला सांगितलं. रेघ तशीच राहिली. कौन्सिलनं कारणं दिली होती, आणि कोणाचं काय म्हणणं आलं तेही दिलं होतं. रेघेच्या बाजूनं आलेले फॉर्म आमच्या फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त. नव्या घरांत नवरा-बायको, आजी-आजोबा, प्रत्येकानं वेगळा भरला होता.

मी विचारलं, "आणि आपला कागद?"

"आहे ना. खाली लिहिलंय. पिटिशन, एक."

"शंभराच्या वर सह्या होत्या."

"हो आई. तेही लिहिलंय. पण मोजताना कागद एक म्हणून धरलाय. फॉर्म वेगळे मोजतात."

नातीनं ठोकळ्यांचा बंगला केला होता, तो मला दाखवायला तिनं माझी साडी ओढली. मी बघितला. मग मी जावयांना सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं.

"मी लोकांना सांगितलं फॉर्म भरू नका."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. लॅपटॉप मिटला. उठून सिंकपाशी गेले, धुतलेलाच कप परत धुतला. मग म्हणाले, "आई, ते आधीच ठरवलेलं असतं. फॉर्म असते तरी काही झालं नसतं."

ते खरं आहे की माझ्यासाठी म्हणाले ते मला आजही माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल. कोणालाच माहीत नाही. एवढ्या सगळ्यांनी वेगळे फॉर्म भरले असते तर रेघ हलली असती का, हे आता कुठल्या साहेबाला विचारलं तरी सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत बगी काढली आणि ज्या दारांत सह्या मागितल्या होत्या त्या दारांत गेले. लोकांना कळायला पाहिजे होतं की त्यांची सही वेगळी मोजली नाही आणि त्याला कारण मी. काहींना आठवतही नव्हतं. काही म्हणाले, नेव्हर माइंड लव्ह, म्हणजे जाऊ दे बाई. एका घरातल्या बाईनं तोंडावर विचारलं, तुला माहीत नव्हतं तर सांगितलंस कशाला? तिचा मुलगा पण आता टेकडीवर जाणार होता. मी म्हटलं, चुकलं. तिनं दार लावलं. जोरात नाही, हळूच लावलं. म्हाताऱ्यानं खुर्ची दिली, चहा दिला. शेजारणीकडं मी सगळ्यात शेवटी गेले, कारण तिथं जायची लाज जास्त. ती म्हणाली, "आंटी, मैंने भी तो नहीं पूछा किसी और से." तिनं मला जवळ घेतलं. तिथं माझे डोळे भरले, तेवढेच. बाकी कुठं नाही.

पुढच्या जानेवारीत शाळेचे अर्ज निघाले. पहिली पसंती म्हणून खालचीच शाळा टाकली, जागा उरेल या आशेवर. एप्रिलमध्ये उत्तर आलं. उरली नव्हती. टेकडीवरची मिळाली. जावयांनी अपील केलं, पण लहान पोरांच्या वर्गात तीसच्या वर एकही घेत नाहीत, तिथं आईविना पोर असो की कोणी. त्या शाळेजवळ सांभाळणारी बाई शोधली, तिच्याकडं जागा नव्हती. पोरांना शाळेआधी सांभाळणारा शाळेचा ब्रेकफास्ट क्लब उघडतो तोवर जावयांची शिफ्ट लागून गेलेली असते. शेजारणीचा नवरा आपल्या मुलाला व्हॅननं सोडणार होता, पण पुढं दोनच सीट.

मी म्हटलं, मी नेते. बघू तर खरं.

मे महिन्यात एक दिवस आम्ही करून बघितलं. जाताना जमलं. पहिली बस, मग बस स्टेशनवर दुसरी, मग चढ. पोरगी खूश होती, दोन बसमध्ये बसायला मिळालं म्हणून. शाळेचं गेट बाहेरनं बघितलं आणि परत फिरलो. उतारावर माझा गुडघा धरला. कशीबशी बसमध्ये बसले. पोरगी माझ्या अंगावर झोपून गेली. स्टेशन आलं तेव्हा मला तिला उचलता येईना आणि मला स्वतःला उठता येईना. हाक मारून उठवलं तर ती रडायला लागली. ड्रायव्हरनं येऊन तिला खाली उतरवलं, मग मला. बाकावर बसून मी जावयांना फोन केला. ते कामावरनं आले, स्क्रब्सवरच, म्हणजे हॉस्पिटलच्याच कपड्यांत. पोरीला कडेवर घेतलं, दुसरा हात मला दिला.

त्याच आठवड्यात त्यांनी बहिणीला फोन केला. ती ब्रॅकनेलला असते, दूर दक्षिणेला, लंडनजवळ. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, ती घरूनच काम करते. शाळा कोपऱ्यावर, आणि त्यांच्या रस्त्यावरच्या पोरांना तिथं जागाही मिळत होती. पोरीला शाळेसाठी तिच्याकडं ठेवायचं ठरलं. बाई मनानं मोठी. मला फोनवर म्हणाली, "मावशी, तुम्हीपण या ना इकडं." मी म्हटलं, बघू ताई. पण लेकीच्या सासरच्या घरी आईनं राहायला जायचं नसतं, आमच्यात तरी नाही, आणि आता तर लेकच नाही. कुठल्या नात्यानं जाऊ? त्यांच्याकडं खोलीही नाही. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

जावयांनी त्या बाजूच्या हॉस्पिटलांत अर्ज टाकले आहेत. मिळाली नोकरी की तेही जातील. जायलाच पाहिजेत. पोरीला आई नाही, बाप तरी जवळ असावा. हे मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही एकट्या पडाल आई." मी म्हटलं, माझं काय. मी लाँड्रीतल्या वाफेत तीस वर्षं काढली.

ऑगस्टच्या शेवटी पोरगी गेली. बॅग मी भरली. तिला लगेच उकडतं म्हणून पातळ बनियनं वर ठेवली, पॉरिज कसं लागतं ते ताईला फोनवर सांगितलं, दुधात करायचं, पाण्यात नाही. वेण्या घालताना केस ओढले की ती रडते, म्हणून आधी तेल लावायचं, तेही सांगितलं. गाडीत बसताना पोरगी म्हणाली, आजी तू कधी येणार? मी म्हटलं, तू शाळेत जाऊन ये, मग बघू. तिला वाटलं एक दिवसाचं काम आहे. तिनं हात हलवला. गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

सप्टेंबरमध्ये युनिफॉर्ममधला फोटो आला. वेण्या चांगल्या घातल्या होत्या. भांग थोडा वाकडा, पण चांगल्या.

ऑक्टोबरच्या सुट्टीत जावई तिला घेऊन आले. दोन महिन्यांत उंच झाली होती. मराठी जरा कमी झालं होतं, मी विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, मग बाप डोळे मोठे करायचा, मग मराठीत. मी म्हटलं राहू द्या, मला कळतंय. आमचं जेवण झालं. मी तिच्यासाठी वरणभात केला होता, मऊ, तुपाचा. तिनं दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"आजी, आमच्या घरी ना, आत्या वरणात टोमॅटो घालते."

जावई मान खाली घालून जेवत राहिले. मी तिच्या ताटलीतला भात परत एकजीव केला.

"हो का," मी म्हटलं. "आणखी काय घालते?"

ती सांगत गेली. मी ऐकत होते.